‘सीट अडवली’ म्हणणाऱ्या पालकांना उत्तर

‘तिशीनंतर एमबीबीएस’ या माझ्या लेखाखाली परवा एक लांबलचक प्रतिक्रिया आली. खाली सही ‘एक पालक, कोल्हापूर’. म्हणणं थोडक्यात असं: चौतीस वर्षांच्या बाईनं (म्हणजे मी) सरकारी कॉलेजात जाऊन एका होतकरू पोराची सीट अडवली, अशी माणसं डॉक्टर होऊन सेवा देणार ती किती वर्षं, या वयात पाठांतर होत नाही, खाजगी कॉलेजच्या फीबद्दल लेखात एक अक्षर नाही. आणि शेवटी: ‘ताई, पोरांचा अभ्यास घ्यायचा सोडून हे काय काढलंय? घरचे काही म्हणाले नाहीत का?’

शेवटून सुरू करते. माझ्या घरचे काय म्हणाले, हे विचारणारे तुम्ही कोण? त्याच लेखात बँकेतली नोकरी सोडून नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बसलेल्या एका गृहस्थांबद्दलही मी लिहिलं होतं. त्यांच्या बायकोनं काय म्हटलं, असं तुम्ही विचारलं नाहीत. आधी ‘ताई’ म्हटलं की पुढे काहीही बोलायला मोकळे, असं होत नाही.

फीचा मुद्दा मान्य. खाजगी कॉलेजचा खर्च पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो, हे लेखात घालते.

आता सीट अडवली त्याबद्दल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा नाही ही. नीटचा पेपर ७२० मार्कांचा असतो. बायोलॉजीचे ९० प्रश्न, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ४५-४५. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक कापला जातो. हा पेपर अठराच्या पोराला आणि मला एकच. वयाला ना जादा मार्क, ना वेगळा कोटा. सरकारी कॉलेजच्या ८५ टक्के जागा राज्याच्या असतात, त्यांचे प्रवेश राज्य सरकारचा सीईटी कक्ष करतो, तेही नीटच्या गुणांवर आणि आरक्षणाच्या नियमांनुसारच. त्या यादीत माझं नाव जिथे लागलं, तिथे ते मार्कांनी लागलं.

तुमच्या मुलाची सीट थोडक्यात हुकली असं तुम्ही लिहिलंय. त्याचं मला खरंच वाईट वाटतं. थोडक्यात हुकणं म्हणजे काय ते मी भोगलंय. यायला हवा तो एक प्रश्न चुकला की एकदम पाच मार्कांचा फरक पडतो, आणि पाच मार्कांत शेकडो मुलं पुढे निघून जातात. पण त्या यादीत तुमच्या मुलाच्या वर असलेल्या प्रत्येकाला तुम्ही जाब विचारत नाही. फक्त मला विचारता.

पूर्वी मी फॉर्मच भरू शकले नसते. खुल्या गटाला २५ आणि राखीव गटांना ३० अशी वयाची वरची अट होती. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ती अट काढल्याचं कळवलं. आता खालचीच अट आहे, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. ती वरची अट होती तेव्हा मी राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये होते. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, वर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. पहाटे उठून उपाशीपोटीची रक्तं घ्यायची, दुपारी स्लाइड बघायच्या. २०१९ च्या महापुरानंतर शिरोळकडची माणसं ताप अंगावर काढून, पार थकून यायची. रिपोर्ट मी करायचे आणि तो हातात घेऊन माणूस मलाच विचारायचा, ‘मॅडम, काय झालंय?’ मला दिसत असायचं आणि सांगायचा हक्क नव्हता. डॉक्टर व्हायचं मी तिथे ठरवलं. घरी कंटाळा आला म्हणून कोणी फिजिक्सचं रोटेशन पुन्हा पहिल्यापासून शिकत नाही, दादा.

आणि सेवा किती वर्षं? कोर्स साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. चाळिशीच्या आत मी डॉक्टर होईन. साठीपर्यंत धरलं तरी वीस वर्षं. सरकारी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्याला राज्यात एक वर्ष सरकारी सेवेचा बॉन्ड असतो, तो मोडला तर दहा लाख भरावे लागतात. मी तो मोडणार नाही. आपल्याकडच्या सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, रखमाबाई, यांचा जन्म १८६४ चा. नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं म्हणून खटला सोसला, १८८९ मध्ये विलायतेला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर. पुढे सुरत आणि राजकोटला बायकांसाठी दवाखाने चालवत त्यांनी कित्येक वर्षं काढली. त्यांचंही वय मोजणार का? उलट मला सांगा, अठराव्या वर्षी सीट घेतलेले किती जण गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात टिकतात? माझं माहेर तिकडंच आहे, म्हणून विचारते.

पाठांतराबद्दल एवढंच की मी दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे ॲनाटॉमी पास झालेय. बाकी तुम्ही जे लिहिलंय त्यावर बोलायला वेळ नाही, पॅथॉलॉजीची परीक्षा तोंडावर आहे.

तुमची प्रतिक्रिया आहे तशी ठेवते. मुलाला पुन्हा बसायचं असेल आणि फिजिक्सचं काही विचारायचं असेल तर त्यानं जरूर विचारावं, त्याच्यावर माझा राग नाही. तुम्ही लिहाल तर मार्कांवर लिहा, नियमांवर लिहा. घरच्यांचा विषय पुन्हा काढलात तर तेवढी वाक्यं काढून टाकेन.