एका सॅम्पलवर आयुष्यभराचं लेबल नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रक्त गोठण्याच्या चाचण्यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फायब्रिनोजेन, डी-डायमर (गुठळी विरघळताना उरणारा तुकडा), फॅक्टर आठ, प्रोटीन एस या रक्त गोठण्याशी संबंधित प्रथिनांच्या एकाच रिपोर्टवरून कुणाच्याही गुठळीच्या धोक्याबद्दल कायमचं मत बनवू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपलं म्हणणं असं: मोठ्या अभ्यासांत एकदाच घेतलेल्या रक्तावरून पुढच्या कित्येक वर्षांचा हृदयविकाराचा धोका दिसला आहे, फायब्रिनोजेन कोलेस्टेरॉलइतकंच स्थिर असतं, डी-डायमरचे आकडे मी युनिटशिवाय दिले, आणि ‘मूलभूत वाचन नसलेल्या माणसाने लोकांना घाबरवण्याचा उद्योग बंद करावा.’

युनिटचं आधी संपवते. ते द्यायला हवं होतं, मान्य. डी-डायमर एफईयू आणि डीडीयू अशा दोन वेगळ्या एककांत मोजतात; एफईयूमधले मिलिलीटरमागे 500 नॅनोग्रॅम म्हणजे डीडीयूमध्ये साधारण 250, त्यामुळे युनिटशिवाय आकडा वाचणाऱ्याचा घोळ होऊ शकतो. लेखात तशी भर घातली आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल. मला न ओळखता, मी काय वाचलं आणि काय नाही हे आपण कशावरून ठरवलंत? मतभेद असू द्या, पण ही भाषा कशासाठी? माझी नोकरीची उमेदीची वर्षं लॅबमध्ये कोअॅग्युलेशनच्या, म्हणजे रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या टेबलावर गेली आहेत. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये एक भाग सायट्रेटला (रक्त गोठू न देणारं द्रावण) नऊ भाग रक्त लागतं. ट्यूब रेषेपर्यंत भरली नाही की सायट्रेटचं प्रमाण वाढतं, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) लांबतो आणि धडधाकट माणूस कागदावर रक्तस्रावाचा पेशंट होतो. अशा ट्यूबा मी परत पाठवत असे आणि त्यापायी बोलणीही खात असे. रडून लालबुंद झालेल्या मुलाचं सॅम्पल आलं की फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर चढलेला असू शकतो, आणि सौम्य व्हॉन विलेब्रँड आजार (हा फॅक्टर कमी असल्याने होणारा रक्तस्रावाचा आजार) त्याखाली झाकला जातो, हेही तिथेच शिकले. त्या दिवशीचा नॉर्मल रिपोर्ट म्हणजे त्या मुलाची रोजची पातळी नव्हे. हे वाचन नाही तर काय आहे?

आणि घाबरवण्याचं म्हणाल, तर तेही घरात पाहिलं आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं प्रोटीन एस गरोदरपणात तपासलं गेलं. कमी आलं. फाइलवर ‘जन्मजात कमतरता’ असं लिहून मोकळे झाले. गरोदरपणात प्रोटीन एस उतरतंच, इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही उतरतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. बाळंतपणानंतर पुरेसा काळ जाऊ देऊन पुन्हा तपासलं, तेव्हा ते नॉर्मल होतं. मधल्या काळात पायात जरा गोळा आला तरी ती रात्र जागून काढायची, बाळालाही हा दोष आला असेल म्हणून रडायची. एका सॅम्पलवर विसंबून तिला कुणी घाबरवलं? ‘पुन्हा तपासा’ सांगणाऱ्या माझ्यासारख्यांनी की ‘एकदा आलं ते आलं’ म्हणणाऱ्यांनी? तुम्ही याचं उत्तर द्याच.

अभ्यासांचं म्हणाल, तर ते मला माहीत आहेत. 1986 चा ब्रिटनमधला नॉर्थविक पार्क अभ्यास, 1987 चा अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमचा, दोन्हींत फायब्रिनोजेन जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त झाल्याचं दिसलं. मी ते कुठे नाकारलं? उलट एकाच मोजणीमुळे खरा संबंध आहे त्यापेक्षा कमी दिसतो, हे रक्तदाबाच्या बाबतीत 1990 सालीच मांडलं गेलं आहे, तेही तुम्ही जोडू शकला असतात. पण तो हजारो लोकांचा हिशोब झाला. रिपोर्ट हातात घेऊन बसलेला माणूस एकटा असतो, आणि गेल्या आठवड्यात त्याला ताप होता की नाही यावर त्याचं फायब्रिनोजेन हलतं. सिगारेट ओढतो की सोडली, यावरही हलतं. कोलेस्टेरॉलशी तुलना करायची तर करा, त्यावर मी वाद घालत बसणार नाही. कोलेस्टेरॉलसुद्धा शहाणे डॉक्टर एकदा पाहून थांबत नाहीत.

शिवाय फायब्रिनोजेनचं एक उदाहरण घेऊन तुम्ही सगळेच मार्कर (रक्तात मोजले जाणारे हे घटक) एका माळेत ओवलेत. डी-डायमरचं अर्धायुष्य काही तासांचं असतं, आणि वय वाढेल तसा तो वाढतो. म्हणून तर पन्नाशीनंतर मर्यादा वयाच्या दहापट धरण्याची पद्धत आली (एफईयूमध्ये, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते). पीएआय-1 (गुठळी विरघळू न देणारं प्रथिन) सकाळी चढलेला असतो आणि दुपारनंतर उतरतो. गोठणं आवरणारी प्रोटीन सी आणि एस ही वॉरफरीन चालू असताना खाली येतात, तसंच काम करणारं अँटीथ्रॉम्बिन हेपरिनवर (दोन्ही रक्त पातळ ठेवणारी औषधं). फॅक्टर व्ही लायडन मात्र गुठळीचा धोका वाढवणारा जनुकातला बदल आहे, तो एकदा तपासला की पुरे. हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. तेवढा परिच्छेद वाचला असतात तर निम्मी प्रतिक्रिया लिहावी लागली नसती.

आणि ‘पुन्हा तपासा’ ही माझी लहर नाही. अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीज (गुठळ्यांचा धोका वाढवणाऱ्या) एकदा पॉझिटिव्ह आल्या म्हणून अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमचं निदान होत नाही. 2006 च्या निकषांनुसार कमीत कमी 12 आठवड्यांनी त्या पुन्हा पॉझिटिव्ह याव्या लागतात. संसर्गानंतर त्या तात्पुरत्या वर येतात, म्हणून हे अंतर घातलं आहे. निकष ठरवणाऱ्यांचंही मूलभूत वाचन कच्चं होतं का?

तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे, काढणार नाही. पुढे लिहाल तेव्हा कोणत्या मार्करबद्दल आणि किती अंतराने घेतलेल्या सॅम्पलबद्दल बोलताय, तेवढं स्पष्ट लिहा. त्यावर जरूर बोलू. माझ्या वाचनाची चौकशी मात्र पुरे झाली.