बांगडीवरचा चेंडू

मुंबईच्या क्रिकेटची कांगा लीग सुरू झाली १९४८ साली आणि तिची झळ आमच्या दादरच्या हॉलला लागली आत्ता कुठे. ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात खेळतात. ओली खेळपट्टी, माजलेलं गवत. मुंबईच्या बॅट्समनचं तंत्र याच चिखलात घडतं असं मोठमोठे लोक सांगतात. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, १९७६ साली क्रॉस मैदानावर त्याच चिखलात पाच विकेट काढल्या. तो चेंडू, टोपी, पेपरातलं कात्रण आणि बॅट (तिने त्या दिवशी दोन धावा केल्या, पण मान म्हणून) माळ्यावरच्या ट्रंकेत सुखाने नांदत होते. मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. नव्या फ्लॅटला माळाच नाही. अप्पा म्हणाले, "सूनबाई, हे आता भिंतीवर लावू या."

लावू या म्हणजे मी लावायचं. आमच्या घरात ड्रिल मशीन माझं आहे. नवरा टॉर्च धरतो.

आधी फ्रेमवाल्याकडे गेले. त्याच्याकडच्या फ्रेमा इंचभर खोल. नियमाप्रमाणे चेंडूचा घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर, म्हणजे जाडी सव्वासातच्या आसपास. "मॅडम, बॉलचा फोटो काढून आणा ना, मस्त लावून देतो," तो म्हणाला. या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं बोललेला हा एकमेव माणूस.

मग पेटीच करायला घेतली. बारा एमएम प्लायची, आतून तीन इंच खोल, पुढे ॲक्रिलिक. काचेपेक्षा ते निम्म्या वजनाचं, आणि डोक्यात पडलं तर टाके कमी. बॅट दोन ठिकाणी तंगूसने, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याने बांधली. तंगूस दिसत नाही, त्यामुळे बॅट अधांतरी उभी वाटते. अप्पांना ते पटेना. "पडल्यासारखी दिसतेय," म्हणाले. दोन धावांच्या बॅटने आणखी कसं दिसायचं, हे मी मनातल्या मनात विचारलं.

चेंडू मात्र कुठे म्हणून टिकेना. खिळ्यांवर ठेवला तर घरंगळतो, चिकटवायचं नाव काढलं की अप्पा जेवणावरून उठतात. शेवटी सासूबाईंनी हातातल्या दोन-चार मापाच्या बांगड्यांतली एक उतरवली आणि फळीवर ठेवली. चेंडू तिच्यात असा बसला की जणू मापानेच घडवली होती. शिवण वर, झिजलेली बाजू आत, लाल रंग जाऊन आलेला तपकिरी मळकटपणा समोर. "पन्नास वर्षं मीच सांभाळतेय, अजून थोडे दिवस," असं म्हणून त्या भाजी निवडायला गेल्या.

कात्रणाला अप्पा फेव्हिकॉल लावायला निघाले होते. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं, उजेडात तो आपोआप पिवळा पडतो. वर डिंक थापला तर संपलंच. म्हणून जुन्या अल्बमसारखे कोपरे लावले. कात्रणात अप्पांचं आडनाव चुकीचं छापलंय, ते त्यांनी तेव्हाच बॉलपेनने दुरुस्त केलंय. टोपीला ट्रंकेतच बुरशी लागली होती. ती उन्हात घालून, घासून, आत बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या कोंबल्या. मुंबईत जुलैमध्ये त्या पुड्या किती टिकाव धरतील, देव जाणे.

आता भिंत. एकीवर टीव्ही, एकीवर एसी आणि कालनिर्णय, पश्चिमेच्या भिंतीला पहिल्याच पावसात ओल. राहिली दाराशेजारची. ही नवी बिल्डिंग मायवान पद्धतीची, म्हणजे भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. साधं ड्रिल तिच्यावर नुसतं गरगरतं आणि पांढरी पूड उडवतं. हॅमर ड्रिल भाड्याने आणलं. सोसायटीचा नियम असा की दुपारी दोन ते चार आवाज नाही, रविवारी मुळीच नाही. मी नोकरी करते, त्यामुळे माझ्या वाट्याला उरली शनिवारची सकाळ. पहिल्या भोकाला इंटरकॉम वाजला, दुसऱ्याला बेल. गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू पिळले, पेटी चढली. अप्पांनी खुर्चीत बसून "डावीकडे, किंचित डावीकडे" असं क्षेत्ररक्षण लावलं.

बॅटच्या बाजूला मोकळी जागा राहिली, तिथे अप्पांनी स्वतःचा तरुणपणीचा कृष्णधवल फोटो लावायला लावला. नवऱ्याने उत्साहाच्या भरात वर पिवळी एलईडी पट्टी बसवली.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. दारातच थबकल्या, चपला काढल्या, पेटीसमोर डोळे मिटून हात जोडले आणि हलक्या आवाजात मला विचारलं, "कधी गं? आम्हाला कळवलंही नाहीस."

आतून अप्पा ओरडले, "कोण आलंय? चहा टाक!"

तेव्हापासून फोटो काढून टाक म्हणून माझ्यामागे लागलेत. मी सांगितलंय, ॲक्रिलिकला सोळा स्क्रू आहेत आणि हॅमर ड्रिलवाल्याचं भाडं अजून तुमच्याकडून यायचंय.