जुना प्रिंटर भंगारात काढण्यापूर्वी

पेरणीचे दिवस आले की यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या सेवा केंद्रासमोर पीककर्जासाठी सातबारा आणि आठ-अ काढणाऱ्यांची रांग लागते, आणि नेमक्या याच काळात केंद्रचालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. विंडोज ११ वर जुने प्रिंटर चालतच नाहीत, मायक्रोसॉफ्ट ते २०२७ मध्ये कायमचे बंद करणार आहे, सीडीवरचा ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्राम) टाकून चालला नाही म्हणजे प्रिंटर गेला असे समजावे, आणि इंकटँक (बाटलीतून शाई भरायची टाकी असलेला) प्रिंटर घेतल्यास वर्षभरात पैसे वसूल होतात, असे त्यात म्हटले आहे. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा खरा नाही.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेकांनी नवा संगणक घेतला आणि जुना प्रिंटर त्याला जोडताच अडचण आली, इथपर्यंत तक्रार रास्त आहे. मात्र विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात मिळते आणि जुन्या ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर ते स्वीकारत नाही. अडचणीचे मूळ बहुतेक वेळा इथे असते, यंत्राच्या वयात नाही. खेड्यापाड्यांतील केंद्रांवर सर्रास दिसणारे एचपी लेसरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० या दोन्हींचे ६४-बिट ड्रायव्हर कंपन्यांनी फार पूर्वीच दिलेले आहेत, आणि ते टाकल्यावर हे प्रिंटर विंडोज ११ वरही चालतात. लेसरजेट १०१० चे प्रकरण खरोखरच किचकट आहे; तिथे लेसरजेट ३०५५ चा पीसीएल५ (छपाईच्या आज्ञांची एक भाषा) ड्रायव्हर निवडून अनेकांनी काम निभावून नेले आहे.

यावरून सीडीचा मुद्दाही निकालात निघतो. आमच्या प्रिंटरसोबत आलेली सीडी मुलांनी कधीच पऱ्हाटीच्या शेजारच्या ज्वारीत पाखरे हाकायला दोरीला टांगली, आणि ती हाती असती तरी उपयोग नव्हता, कारण तिच्यावरचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या, म्हणजे फार जुन्या विंडोजच्या, काळातला होता. ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणाऱ्या फुकट प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नये, विशेषतः ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक टाइप होतात त्यावर तर नाहीच.

२०२७ च्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, म्हणून तो अधिक फसवा ठरतो. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जे जाहीर केले ते विंडोज अपडेटमधून मिळणाऱ्या, प्रिंटर कंपन्यांच्या ड्रायव्हरांविषयी होते. जानेवारी २०२६ पासून तिथे नवे ड्रायव्हर सहसा घेतले जाणार नाहीत, १ जुलै २०२६ पासून विंडोज स्वतःच्या आयपीपी (अनेक कंपन्यांच्या प्रिंटरांना चालणाऱ्या सामायिक) ड्रायव्हरला पसंती देईल, आणि १ जुलै २०२७ पासून कंपन्यांच्या ड्रायव्हरांना तिथून केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, असा तो क्रम आहे. आधीचे ड्रायव्हर यामुळे पुसले जात नाहीत, आणि कंपनीकडून उतरवून घेतलेली फाइल आपण स्वतः टाकू शकतो. म्हणून मी ती पेनड्राइव्हवर ठेवली आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी: विंडोज ११ मधील ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ मुद्दाम सुरू केल्यास कंपन्यांचे ड्रायव्हर काढून टाकले जातात, तेव्हा त्या बटणाला हात लावू नये.

प्रिंटर ‘गेला’ असे वाटायला लावणारे आणखी एक कारण आमच्या भागात रोजचेच आहे. लेसरजेट १०२० च्या पोटात स्वतःचे फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारा प्रोग्राम) कायम राहत नाही. प्रिंटर सुरू झाला की दर वेळी संगणक ते त्याच्याकडे पाठवतो. लाइन जाऊन परत येते, लॅपटॉप तोवर झोपी गेलेला असतो, प्रिंटरचा दिवा लागतो, पण कागद हलत नाही, आणि केंद्रचालक ड्रायव्हर उडाला म्हणून तो काढून पुन्हा टाकत बसतो. आधी संगणक जागा करावा, मग प्रिंटर बंद करून चालू करावा; दिवा एकदा लुकलुकून मोटार घुरघुरली की समजावे, काम झाले. तरीही तो ओळखला जात नसेल तर निळा यूएसबी ३ पोर्ट सोडून काळ्या पोर्टात केबल लावून पाहावी, आणि ती ५ मीटरपेक्षा लांब नसावी.

राहिला इंकटँकचा हिशेब. रंगीत फोटो काढायचे असतील तर तो प्रिंटर घ्यावाच, आणि रोज शेकडो पाने निघत असतील तर शाई टोनरपेक्षा स्वस्त पडते हेही मान्य आहे. परंतु आमच्याकडे दोन महिने गर्दी आणि बाकीचे महिने शुकशुकाट असतो, त्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि काही दिवस न वापरलेल्या प्रिंटहेडमध्ये (कागदावर शाई सोडणाऱ्या भागात) शाई वाळून बसते. टोनरची भुकटी वाळत नाही. १०२० ला लागणारे १२ए कार्ट्रिज कंपनीच्या मापाने २००० पाने देते आणि ते भरून देणारा माणूस तालुक्याच्या गावी सहज भेटतो. मजकूर लिहिणाऱ्याच्या हिशेबात प्रिंटहेड धुण्यात वाया जाणारी शाई कुठेच धरलेली नाही.