सढळ हाताचे काका

टाकीखालचा गळका कॉक काढून मी नवा बॉल व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे आतला भोकाचा गोळा दांडीने फिरवून पाणी चालू-बंद करणारा कॉक. आता तो उघडत नाही. बिघडलेला नाही, चिकटलाय. आणि याचं श्रेय माझं नाही.

पाइप काटकोनात कापला, कडेची कुसं कानशीने काढली, कोरडाच बसवून खूण केली. तोवर शेजारचे काका गप्प होते. जिना चढून धाप लागली असावी. पाइप जोडायच्या सोल्युशनचा डबा उघडला आणि त्यांना कंठ फुटला.

"एवढंसं? अरे, सढळ हाताने लाव की!"

म्हटलं, काका, हा डिंक नाही. हे प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं, म्हणून दोन्ही तुकडे एकजीव होतात. पाइपला नीट लावायचं, सॉकेटच्या, म्हणजे पाइप शिरतो त्या तोंडाच्या, आत मात्र पातळ हात. जास्त झालं की ओघळ थेट व्हॉल्व्हच्या बॉलवर.

"आम्ही ताग नि सफेदा लावायचो. थेंब गळायचा नाही."

काढलेला गळका कॉक त्यांच्याच देखरेखीखाली बसला होता. पण वडीलधाऱ्यांपुढे असले पुरावे मांडत नाहीत.

लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाला कुणी "सरक जरा" म्हणत नाही. पाइपाशी उकिडवं बसलं, की येणाजाणारा प्रत्येकजण मुकादम होतो. आणि सल्ला देणाऱ्याच्या हातात कधी साधं फडकंही नसतं.

तर, पाइप पाव फेरा फिरवत आत दाबला आणि धरून ठेवला. सॉकेट आतून निमुळतं असतं, लगेच सोडलं तर पाइप मागे सरकतो. म्हणजे निदान ३० सेकंद माझे दोन्ही हात अडकलेले. तेवढ्यात काकांनी ब्रश उचलला. "ही बाजू मी उरकतो!" दसऱ्याला चौकट रंगवावी तसं दुसरं सॉकेट माखलं, पाइप खुपसला, आणि "फिरतोय ना बघू" म्हणत दांडी फिरवून बंद केली. मी ओरडलो, "काका, उघडा ठेवा!"

"सुकू दे रे," म्हणाले, आणि वासाने डोकं चढलं म्हणून खाली गेले.

आता दांडी जोराने फिरवली तर तीच तुटेल. सांधा उकलता येत नाही. म्हणजे पाइप कापा, नवा व्हॉल्व्ह आणा, कमी पडलेल्या लांबीला कपलर जोडा. हे सगळं मीच करायचं.

घरात मात्र निकाल लागलाय. काकांनी जोडलेली बाजू अजिबात गळत नाही म्हणे.

कशी गळेल? पाणी तिथवर पोहोचतंय कुठे!