भाजलेली तयार कोंबडी आणि ग्लुटेन: एक खुलासा

अमेरिकेतील मराठी कुटुंबांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे: ‘किराणा दुकानातील भाजलेल्या अख्ख्या कोंबडीला पिठाचे आवरण नसते, म्हणून सीलिॲक रुग्णांनी ती कुठूनही निर्धास्त घ्यावी.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. सीलिॲक हा ग्लुटेन या गहू, जव व राय यांतील प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार आहे. कोंबडीच्या मांसात ग्लुटेन नसते, हे खरे. परंतु मांस रसदार राहावे म्हणून भाजण्यापूर्वी त्यात मीठ, स्टार्च व मसाल्यांचे द्रावण अनेकदा सुईने भरले जाते आणि त्यात गव्हाचा अंश असू शकतो. अमेरिकी कृषी विभागाच्या अखत्यारीतील मांस-कोंबडीच्या लेबलावर नुसते ‘मॉडिफाइड फूड स्टार्च’ (प्रक्रिया केलेला स्टार्च) लिहिलेले असेल, तर तो गव्हाचाही असू शकतो. द्रावणात सोया सॉस असेल, तर साध्या सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतोच.

अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या 2013 च्या नियमानुसार ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवणाऱ्या पदार्थात ग्लुटेन प्रति किलो 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. म्हणून तसा स्पष्ट उल्लेख असलेली, बंद वेष्टनातील अख्खी कोंबडीच घ्यावी. गरम पदार्थांच्या काउंटरवर सुटे तुकडे मात्र टाळावेत, कारण तिथे पावाचा चुरा लावून तळलेल्या तुकड्यांना वापरलेला चिमटाच अनेकदा त्यांनाही लागतो. सीलिॲक असलेल्या मुलासाठी हा धोका क्षुल्लक नाही.