शेवट सुचला नाही म्हणून स्वप्न दाखवले?

गेले काही महिने गोव्यातल्या आमच्या पिढीच्या मित्रमंडळींत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा, की १९८० आणि १९९० च्या दशकांतील व्हिडिओ गेम तयार करणाऱ्यांना शेवटाची मुळीच फिकीर नव्हती. दिवसचे दिवस घालवून खेळ संपवला, की खेळणाऱ्याच्या पदरी बिघडलेला पडदा, ‘पुन्हा पहिल्यापासून खेळ’ असा हुकूम, ‘हे सगळे स्वप्न होते’ ही पळवाट, नाहीतर नायक मुळात बाई असल्याचा उथळ धक्का पडे. आणि या सगळ्याचे मूळ यंत्राच्या अपुऱ्या मेमरीत व पार्लरमधल्या, नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांच्या मालकांच्या नाण्यांच्या हावेत होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींवर ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे पटकन पटते, कारण त्या कॅसेटींबरोबर माहितीपुस्तिका कधी आलीच नाही आणि निम्मे खेळ आम्ही शेवटापर्यंत नेलेही नव्हते. मला मात्र यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा वाटतो, आणि ज्या खेळांनी आम्हांला एवढा आनंद दिला त्यांच्याविषयी असे लिहिलेले वाचून वाईटही वाटते.

बिघडलेल्या पडद्याचा मुद्दा लवकर निकाली निघतो. पॅक-मॅनच्या २५६ व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि आकड्यांच्या गिचमिडीने भरून जातो हे खरे, परंतु तो शेवट नव्हेच. १९८० सालच्या या खेळाला शेवट ठेवलेलाच नव्हता. पातळीचा क्रमांक एका बाइटमध्ये, म्हणजे मेमरीच्या एका छोट्या कप्प्यात, साठवला जातो, बाइटमध्ये २५५ च्या पुढची संख्या मावत नाही, आणि ती मर्यादा ओलांडताच खाली फळांची चित्रे काढणारा प्रोग्रॅमचा भाग भलत्याच जागी चित्रे काढत सुटतो. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये २२ व्या पातळीला वेळेच्या हिशेबातून २६० ही संख्या येते, बाइटमध्ये तिच्यातले फक्त ४ उरतात, आणि वर पोहोचण्याआधीच वेळ संपून मारिओ मरतो. जत्रेतले नाटक वीज गेल्याने थांबले, तर त्याचा दोष आपण नाटककाराला देत नाही.

नाण्यांच्या हावेसाठी उदाहरण दिले जाते ते कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९८५ च्या घोस्ट्स एन गॉब्लिन्सचे. त्यात शेवटच्या राक्षसाला मारल्यावर कळते, की हा सारा सैतानाने रचलेला भ्रम होता, आणि खरा शेवट पाहायचा तर संपूर्ण खेळ पुन्हा, अधिक कठीण होऊन, खेळावा लागेल. मजकुरातला हा एकच मुद्दा मला अर्धा मान्य आहे. हा शेवट निराश करतो, कारण आधीच्या खेळात भ्रमाची चाहूल कुठेच नसते. तरीही हावेचे कारण पटत नाही, कारण घरच्या कॅसेटीत, जिथे नाणे टाकण्याचा प्रश्नच येत नाही, तिथेही ही दुसरी फेरी तशीच ठेवलेली आहे. शिवाय पार्लरमध्ये जो मुलगा एका नाण्यात सगळा खेळ संपवू शकतो, त्याला पुन्हा सुरुवातीला पाठवणे म्हणजे त्याच नाण्यात त्याला आणखी खेळू देणेच होते.

मेट्रॉइडचा शेवट मात्र उथळ म्हणणे अन्यायाचे आहे. १९८६ साली जपानमध्ये आलेल्या या खेळात चिलखतातला नायक सॅमस ही स्त्री आहे हे सर्वांना सरसकट दाखवले जात नाही. खेळ किती वेळात पुरा केला यावर शेवट ठरतो, आणि रेंगाळणाऱ्याला शिरस्त्राण घातलेली आकृतीच दिसते. इंग्रजी माहितीपुस्तिकेत सॅमसचा उल्लेख पुरुषवाचक सर्वनामाने केला होता, म्हणजे रहस्य जपण्यात पुस्तिकाही सामील होती. आमच्या हाती पुस्तिका नव्हती. तो पुरुषच असणार हे आम्ही आपले आपण धरून चाललो होतो, आणि त्यामुळेच तो शेवट आम्हांला अधिक लागला. सर्वांत जलद खेळणाऱ्याला बक्षीस म्हणून ती तोकड्या कपड्यांत दाखवली, हे मलाही खटकते. पण आक्षेप घ्यायचा तर त्यावर घ्यावा.

सर्वांत जास्त टाळ्या मिळतात त्या स्वप्नाच्या मुद्द्याला, आणि सर्वांत कच्चाही तोच आहे. १९८८ साली अमेरिकेत आलेल्या सुपर मारिओ ब्रदर्स २ च्या शेवटी मारिओ अंथरुणात झोपलेला दिसतो. हा खेळ आदल्या वर्षीच्या एका जपानी खेळातली पात्रे बदलून तयार केला होता, म्हणून स्वप्नाचे ठिगळ लावावे लागले, असे सांगितले जाते. पात्रे बदलली हे खरे आहे. पण खेळ सुरू करून शीर्षकाच्या पडद्यावर कोणतेही बटण न दाबता थोडे थांबून पाहावे. तिथे कथा येते, आणि तिच्या पहिल्याच वाक्यात मारिओ स्वप्नात लांब जिना चढून एक दार उघडतो. आम्ही भावंडे पडदा उजळताच स्टार्टवर बोट ठेवत असू, म्हणून कित्येक वर्षे ती कथा आम्ही पाहिलीच नाही. स्वप्न पहिल्या पडद्यावर सांगितलेले होते. ते वाचायला आम्हीच थांबलो नव्हतो.

१९९३ च्या लिंक्स अवेकनिंगमध्ये तर स्वप्न हाच खेळाचा गाभा आहे. शेवटाच्या बराच आधी एका देवळातल्या कोरीव चित्रावर खेळाचा नायक लिंक वाचतो, की तो ज्यावर अडकला आहे ते कोहोलिंट बेट हे निद्रिस्त पवनमत्स्याचे (‘विंड फिश’चे) स्वप्न आहे, आणि तो जागा झाला की बेट नाहीसे होईल. त्या मत्स्याला जागे करण्यासाठी वाद्ये गोळा करायची असतात, आणि त्यापुढचे प्रत्येक वाद्य आपण हे जाणून मिळवतो, की बेटावरची गाणारी मुलगी मॅरिन आणि तिचे गाव आपल्याच हातून पुसले जाणार आहे. शेवटी फुटक्या जहाजाच्या लाकडावर एकटा तरंगणारा लिंक वर पाहतो, तेव्हा खेळणाऱ्याला जे वाटते त्याला फसवणूक हा शब्द लागू पडत नाही.

राहिला मेमरीचा मुद्दा. जॉर्डन मेकनरने १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया ॲपल २ या संगणकावर लिहिला, तेव्हा नव्या शत्रूच्या चित्रांसाठी मेमरीत जागा उरलेली नव्हती. म्हणून त्याने राजपुत्राचीच चित्रे थोडी सरकवून मूळ चित्रांवर ठेवली आणि दोन्हींतले जुळणारे ठिपके पुसून टाकले, आणि त्यातून सावलीसारखा एक प्रतिस्पर्धी निर्माण झाला. चौथ्या पातळीवर आरशातून उडी मारताना तो राजपुत्रातून बाहेर पडतो आणि बाराव्या पातळीवर तलवार उपसून समोर उभा राहतो. फोंड्यातल्या एका संगणक वर्गात मी त्याच्यावर कितीतरी दुपारी घालवल्या. त्याला लागलेला प्रत्येक घाव माझ्याही जिवातून वजा होई आणि मी पुन्हा पुन्हा मरे, तिकडे खेळ पुरा करायला दिलेल्या साठ मिनिटांतली मिनिटे सरत असत. एके दिवशी शेजारी बसलेल्या मुलाने हात पुढे करून खाली जाणाऱ्या बाणाची कळ दाबली. राजपुत्राने तलवार म्यान केली, सावलीनेही केली, ते दोघे एकमेकांकडे धावले आणि एक झाले. आणि पुढे जिथे जमीन नव्हती, तिथे पाऊल टाकताच पायाखाली जमीन येत गेली.