‘भावनेनं पोट भरत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, खाली दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून वेगळंच लिहितोय. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मतदार भावनेनं मत देतो यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्यावर तुम्ही लिहिलंय, भावनेच्या नादात बेळगावच्या सीमाभागातल्या मराठी माणसानं साठ वर्षं घालवली, महाराष्ट्र एकीकरण समितीनं (हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी आपली संघटना) काय दिलं, आता पोरं शहाणी झाली, विकास बघून राष्ट्रीय पक्षांना मत देतात आणि माझ्यासारखे लोक त्यांना परत मागं ओढतात.

समितीवरचा तुमचा राग मला कळतो, त्यातला निम्मा माझाही आहे. पण ते ‘शहाणी झाली’ इथं मी अडलो.

मार्च 2023 आठवा की. विधानसभेच्या तोंडावर बेळगावजवळच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, कर्नाटकचे तेव्हाचे भाजपचे मुख्यमंत्री बोम्मई स्वतः आले. आणि दोन-तीन दिवसांत काँग्रेसनं त्याच पुतळ्याचा परत सोहळा केला, महाराष्ट्रातनं नेते आणून. एक पुतळा, दोन अनावरणं! मराठी मतदार नुसते रस्ते-गटारं बघून बटण दाबतो अशी दोन्ही पक्षांची खात्री असती तर एवढा आटापिटा कशाला केला असता वो? मराठी मत कुठनं हलतं ते त्यांना नीट माहीत होतं. भावना आटलेली नाही, समितीच्या हातनं निसटून दुसऱ्यांच्या हातात गेली, महाराज तेच, भगवा तोच, सीमाप्रश्न तेवढा गुपचूप बाजूला काढून ठेवला. आणि याला तुम्ही विकासाचं मतदान म्हणताय.

समिती भावनेमुळं हरली हेही मला पटत नाही. 2013ला दोन आमदार होते, 2018ला शून्य. खानापुरात त्या वेळी समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार, दोघांची मतं एकत्र केली तर निवडून आलेल्या काँग्रेस उमेदवारापेक्षा जास्त भरतात. हा दोष भावनेचा की गटबाजीचा? 2021च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाच्या वर मतं पडली, तो निवडून येणार नाही हे सगळ्यांना माहीत असताना. भाजप त्या वेळी जेमतेम पाच हजारांनी निघाली. आणि त्याच वर्षी बेळगाव महापालिकेत समितीचा धुव्वा उडाला. तेच शहर, तेच लोक, मग शहाणे नक्की कुठल्या महिन्यात झाले? (जाता जाता, 1996ला बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार रिंगणात होते, बहुतेक समितीनं निषेध म्हणून उभे केलेले. पुढं खुल्या जागेची अनामत 500 वरनं 10,000 झाली त्यात आपल्या बेळगावचाही हात आहे. भावना होती, पण डोकं पण होतं की नाही बघा.)

आता ‘भावना बाजूला ठेवून बुद्धीनं मत द्या’ हे तुमचं वाक्य. अँटोनियो दमासिओ नावाच्या मेंदूतज्ज्ञानं असे पेशंट तपासलेत ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा होऊन भावना बोथट झालेल्या, बुद्ध्यांक एकदम व्यवस्थित. अशा एका पेशंटला पुढच्या भेटीच्या दोन तारखांतली एक निवडायला सांगितली तर तो जवळजवळ अर्धा तास फायदे-तोटेच मोजत बसला. हिशेब सगळा येतो पण कुठल्या गोष्टीला किती किंमत द्यायची तेच कळत नाही, असला माणूस मतदान केंद्रात गेला तर मागची रांग दुपारपर्यंत तिथंच.

म्हणून भावना असावी की नसावी हा प्रश्नच मला फुकटचा वाटतो. कुठली भावना, हे विचारा. जॉर्ज मार्कस आणि इतर राज्यशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मतदारांवर बरंच काम केलंय, त्यातनं दिसतं ते असं की काळजीत पडलेला मतदार सवयीचा पक्ष जरा बाजूला ठेवून माहिती शोधतो, चौकशा करतो, आणि चिडलेला मतदार आधी जे धरलंय तेच घट्ट धरतो. समितीवर माझा खरा राग आहे तो इथं. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचं दुःख, 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, काळ्या दिनाचा राग, हे सगळं खरं आहे आणि ते सोडा असं मी कधीच म्हणणार नाही, पण घराघरातली काळजी कुणी उचललीच नाही. जमिनीचा उतारा कन्नडमधे, नोटीस कन्नडमधे, म्हातारा माणूस कागद घेऊन वाचून दाखवणारा शोधत फिरतो, पोरगी मराठी शाळेत घालायची तर पुढं नोकरीचं काय म्हणून आई रात्री विचार करत बसते. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के असतील तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत असं 1956 पासून ठरलेलं आहे. सुप्रीम कोर्टातला महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून पडून आहे, तो निकाली निघेल तेव्हा निघेल, पण या 15 टक्क्यांसाठी कुणाच्या निकालाची वाट बघायची गरज नव्हती. मागणी समिती करते, नाही असं नाही, पण निवडणूक त्यावर लढवत नाही.

आणि विकास म्हणजे भावना नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? हलगा-मच्छे बायपासमधे ज्यांची पिकती जमीन जाते त्या शेतकऱ्यांना विचारून या. तोच रस्ता गाडीत बसलेल्याला अभिमान वाटतो आणि बांधावर उभा राहिलेल्याच्या पोटात गोळा येतो. त्या लढ्यात मराठी-कन्नड दोन्ही शेतकरी आहेत, म्हणजे काळजी भाषेच्या पलीकडं पण जाते, हे समितीनं पण बघावं आणि तुम्ही पण.

शेवटी तुम्ही विचारलंय की मग मत कुणाला द्यायचं. ते मी सांगणार नाही. जिल्हा पंचायतीची निवडणूक लागली की दारात येणाऱ्या प्रत्येकाला, समितीवाल्यालासुद्धा, मी मराठीतल्या कागदपत्रांचं विचारणार आहे, आणि ‘बघू की’ म्हणाला तर त्याला चहा मिळेल, मत नाही.